इंडक्शन की इन्फ्रारेड शेगडी?

गॅसला जोड म्हणून विजेची शेगडी घ्यायची आणि गाडी या दोन नावांपाशी अडलीय, अशांसाठी हे. आमच्या ओट्यावर दोन्ही नांदून गेल्यात.

वेगाला इंडक्शनच. चहाचं पाणी बघता बघता उकळतं, काच फारशी तापत नाही, भांडं उचललं की काम बंद. विजेचं बिलही माझ्या अंदाजाने तिचंच थोडं कमी येतं, कारण उष्णता थेट भांड्याच्या बुडातच तयार होते. इन्फ्रारेडमध्ये आधी काचेखालची कॉइल लालभडक होते. तो लाल उजेड नुसता दिसायला. खरं काम त्याच्यासोबत येणारे न दिसणारे अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड किरण करतात, खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला १८०० साली लाल रंगाच्या पलीकडे थर्मामीटर ठेवल्यावर सापडले तेच. त्यामुळे काळ्या बुडाचा तवा लवकर तापतो, चकचकीत पातेलं जरा रेंगाळतं.

भांड्यांचं तुम्हाला माहीतच असेल. लोहचुंबक चिकटत नाही ते इंडक्शनला चालत नाही. तांबट आळीतून आणलेलं कल्हईचं पितळी पातेलं तिच्यावर ठेवलं, तर ती नुसती टीं टीं करत बसते. पण माझं मन उठलं ते कढीमुळे.

मंद आचेवर बहुतेक इंडक्शन खऱ्या अर्थाने मंद होत नाहीत. काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद गप्प बसतात. कढी मधोमध एकदम उसळते, मग निपचित पडते, पुन्हा उसळते. ढवळत राहिलं तरी कडेला पाणी सुटायला लागतं आणि फुटलेली कढी पानात वाढायची म्हणजे जिवावर येतं. बासुंदीचंही तेच, बुडाला लागते. महागड्या मॉडेलांत हा त्रास कमी असेलही, मी वापरलेली नाहीत. इन्फ्रारेडची कॉइलसुद्धा चालू-बंद होतेच, पण तापलेली काच मधली फट भरून काढते. कढीला कडेकडेने बारीक बुडबुडे येतात, तेवढंच तर हवं असतं.

हीच तापलेली काच दुधाच्या वेळी वैरीण होते. बंद केलं म्हणून पाठ फिरवलीत तर दूध उतू गेलंच समजा, पातेलं बाजूलाच काढावं लागतं. घरात लहान मूल असेल तर मी आग्रह करणार नाही. वर जाळी ठेवून भाकरी मात्र छान फुगते. वांगंही भाजता येतं, फक्त त्याचा रस काचेवर गळला तर खरवडत बसावं लागतं.

खोलीवर राहणाऱ्या मुलांना चहा-मॅगीपुरती हवी असेल, तर इंडक्शन घ्या. रोजचा स्वयंपाक करायचा असेल, तर मी तरी इन्फ्रारेडकडेच बोट दाखवीन. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की दोघी सारख्याच. आणि घेण्याआधी ओट्यावरचं सॉकेट १६ अँपिअरचं आहे ना, ते बघा. २००० वॅटची शेगडी ६ अँपिअरवर चालवायची नसते, आणि भाड्याच्या घरात बहुतेकदा तिथेच घोडं अडतं.