थारचं स्टिअरिंग मजबूत करताना: टाय रॉड, रॅक की दोन्ही?

2020 नंतरच्या थारला मोठे टायर लागले आणि गाडी दगडगोट्यांत नियमित जायला लागली, की स्टिअरिंगच्या तक्रारी सुरू होतात. व्हील सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यात ‘टक’ असा आवाज येतो, नाहीतर रॅकच्या रबरी बुटातून तेल ठिबकायला लागतं. रॅक म्हणजे व्हील फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा आणि त्याचं घर, तर टाय रॉड म्हणजे तो दांडा चाकाशी जोडणारी दांडी. अशा वेळी चार वाटा असतात: कंपनीचेच नवे भाग घालणं, फक्त टाय रॉड जाड करणं, रॉड एंडवाला (बूट नसलेल्या उघड्या जॉइंटचा) स्पर्धेचा सेट लावणं, किंवा रॅकसकट सगळं बदलणं.

आमचं मत आधीच सांगतो. महिन्यातून एखादी ट्रेल, मूळ मापाचे किंवा एकच माप मोठे टायर आणि रोजचा डांबरी रस्ता असेल, तर कंपनीचे नवे रॅक एंड (टाय रॉडचं आतलं टोक), टाय रॉड एंड (बाहेरचं टोक) आणि बूट पुरेसे आहेत. गाडी खरोखर दगडांवर चढवत असाल तर थोडे जाड टाय रॉड घ्या. रॅकला हात तेव्हाच लावा, जेव्हा रॅकचा दांडा वाकलाय किंवा गंजलाय हे तपासून ठरलंय. आणि टाय रॉड कितीही आवडला तरी तो रॅकच्या दांड्यापेक्षा भक्कम करू नका.

आधी गाडीखाली बघा

रॅक सगळ्यांना नसतो. जिप्सी आणि जिम्नी या गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि स्टिअरिंग बॉक्स आहे. तिथे ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारी दांडी) आणि लांब टाय रॉड मजबूत करतात, ते गणित वेगळं. थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक पॉवरचा रॅक आहे, हा लेख त्याबद्दल. पाच दारांच्या थार रॉक्सचा रॅक इलेक्ट्रिक आहे. त्यात मोटर आणि टॉर्क सेन्सर असल्याने तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये उघडायचा नाही. टाय रॉडबद्दल खाली जे लिहिलंय ते मात्र त्यालाही लागू पडतं.

काय तुटतं आणि का

चाकाच्या कडेला दगड लागला की चाक वळू पाहतं आणि ते थोपवण्याचा भार टाय रॉडवर येतो. समजा दगडाचा धक्का चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून 200 मिमीवर बसला आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) स्टिअरिंग आर्म 140 मिमी लांब आहे. मग टाय रॉडवर मूळ धक्क्याच्या 1.4 पट जोर येतो. बाहेर निघालेले अलॉय किंवा स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) लावले की 200 चा आकडा वाढतो, आर्म तेवढाच राहतो. म्हणूनच टायरच्या उंचीपेक्षा चुकीच्या ऑफसेटचे रिम स्टिअरिंगला जास्त त्रास देतात, आणि ही गोष्ट टायरवाला कधीच सांगत नाही.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, चाक दगडाला टेकलेलं आणि वर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. एका बाजूचा दांडा तेव्हा रॅकच्या घरातून जास्तीत जास्त बाहेर आलेला असतो, आणि त्याला टेकू फक्त घराच्या टोकाच्या बुशचा असतो. टाय रॉड पातळ असेल तर तो वाकतो. तो वाकला नाही तर जोर पुढे दांड्यावर जातो.

लिफ्ट किट केलं की यात भर पडते. गाडी उचलल्यावर टाय रॉड तिरका उतरतो, त्यामुळे जोराचा काही हिस्सा दांड्याला वर-खाली रेटतो आणि बुश एका बाजूने झिजतो. आतला बॉल जॉइंट आधीच कोनाच्या टोकाला गेलेला असतो. शिवाय खड्ड्यात चाक वर-खाली होताना टो (पुढची चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) बदलत राहतो, म्हणजे रस्त्यावर गाडी आपोआप इकडेतिकडे वळते. हा दोष जाड टाय रॉडने जात नाही. तिथे एकतर लिफ्ट कमी करावी लागते, नाहीतर टाय रॉडचा कोन पुन्हा सरळ करणारी व्यवस्था लागते.

पैसे घालण्याआधी तपासणी

पुढची दोन्ही चाकं उचला आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा. चाक घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी धरून हलवा. इथे प्ले (सैलपणा) लागला तर दोष टाय रॉड किंवा रॅकचा. 12 आणि 6 ला प्ले लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग बघा. दुसऱ्या माणसाला चाक हलवायला लावून तुम्ही खाली हात ठेवा: बाहेरचा जॉइंट बोटांना लगेच जाणवतो, आतला बूट दाबून धरला की कळतो. रॅक बसवलेले रबरी बुश आणि स्टिअरिंग कॉलमचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) हेही हाताने चाचपा, कारण पुष्कळदा चांगला रॅक काढून टाकला जातो आणि दोष बुशचा निघतो.

मग इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एका ठराविक जागी जड आणि पुढे पुन्हा हलकं होत असेल तर दांडा वाकलेला असण्याची शक्यता मोठी. बुटाची क्लिप ढिली करून आत बघा. तेल असेल तर सील गेलंय, लाल चिखल असेल तर दांडा गंजायला लागलाय. कोकणातल्या पावसाळ्यानंतर किंवा समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत गाडी घातल्यावर ही तपासणी टाळू नका. बुटाला नखाएवढी चीर पुरते.

कंपनीचे भाग की जाड टाय रॉड

कंपनीच्या भागांची जमेची बाजू अशी, की ते ठरलेल्या जागी वाकतात. वाकलेला टाय रॉड ट्रेलवर तासाभरात बदलता येतो, किंवा जॅकने थोडा सरळ करून हळूहळू घरी येता येतं. जॉइंट बुटात बंद असतो, ग्रीस टिकतं, रस्त्यावर आवाज नाही, वॉरंटीचा वाद नाही. उणीव एवढीच, की दगडांवर रोज जाणाऱ्याला ते वारंवार बदलावे लागतात.

जाड टाय रॉडचा फायदा आकड्यात बघण्यासारखा आहे. लांबी तीच असेल तर भरीव रॉडचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. 16 मिमीचा रॉड 20 मिमीचा केला तर तो सुमारे 2.4 पट होतो. 25 मिमी बाहेरचा व्यास आणि 4 मिमी जाडीची नळी घेतली तर ती 20 मिमीच्या भरीव रॉडपेक्षा जवळपास 1.9 पट कडक असते, आणि वजनाला सुमारे 16 टक्के हलकी. लेथवाला ‘ईएन 24 (मजबूत मिश्र पोलाद) मध्ये बनवून देतो’ म्हणाला तरी आधी व्यास विचारा. पोलादाची जात बदलल्याने कडकपणा वाढत नाही. वाढते ती कायमचं वाकण्यापूर्वी किती ताण सोसेल ही मर्यादा. दोन्ही हवं, पण व्यासाचा वाटा मोठा.

खरी मेख आतल्या टोकाला आहे. रॅक एंडची दांडी जाड केली, पण तो रॅकच्या दांड्यात ज्या आट्यांनी बसतो ते आटे मूळ मापाचेच राहिले, तर कमकुवत जागा त्या आट्यांपाशी सरकते. आणि तिथे वाकणं नसतं, तिथे तुकडा पडतो. वाकलेल्या रॉडने गाडी वळते तरी, तुटलेल्या आट्यांनी एक चाक मोकळं होतं. उतारावर किंवा घाटात हे घडलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: मधल्या दांडीचा व्यास किती, आणि रॅकमध्ये शिरणारे आटे कोणत्या मापाचे. मग बूट बाजूला करून आपल्या रॅकच्या दांड्याचा व्यास व्हर्निअरने मोजा. टाय रॉड त्याच्या बराच खाली असला तर सौदा शहाणपणाचा.

मूळ रॉडवर नळी चढवून वेल्डिंग करून देणारेही भेटतात. ते करूच नका. फोर्ज आणि उष्णतासंस्कार केलेल्या भागावर वेल्डिंग केलं की शिवणीच्या कडेचा धातू ठिसूळ होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. स्टिअरिंगमध्ये वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ.

रॉड एंडवाला सेट

हा गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांच्या तयारीचा मामला. जॉइंट भक्कम असतो, लांबी हवी तशी जुळवता येते, बोल्ट दोन्ही बाजूंनी आधार दिलेला असला तर जोर उत्तम पेलतो. पण त्याला बूट नसतो, चिखल आणि वाळू थेट आत जाते, आणि रोज चालणाऱ्या गाडीत तो लवकर खडखडायला लागतो. शिवाय नकलचं निमुळतं भोक ड्रिलने सरळ करावं लागतं. एकदा ते केलं की मूळ टाय रॉड एंड त्या नकलमध्ये पुन्हा बसत नाही. रोजच्या गाडीसाठी आमची या पर्यायाला सरळ ना आहे.

रॅक: दुरुस्त केलेला की नवा

सील किट घालून दुरुस्त केलेला रॅक नव्यापेक्षा बराच स्वस्त पडतो, आणि दांडा सरळ व गुळगुळीत असेल तर चांगला टिकतो. अट तीच. दांड्याच्या चकाकत्या भागावर नख फिरवा. गंजाच्या खड्ड्यात नख अडकलं तर नवं सील काही आठवड्यांतच कापलं जाईल. दांडा सपाट काचेवर लोळवून किंवा व्ही-ब्लॉकवर डायल गेज लावून सरळपणा तपासून घ्या. वाकलेला दांडा ठोकून सरळ केलेला स्वीकारू नका.

नवा रॅक घेतला तर दांडा, बुश, पिनियन (दांडा सरकवणारं छोटं दातेरी चाक) सगळं एकदम नवं मिळतं, पण ताकद मूळचीच. जादा ताकदीचा म्हणून विकल्या जाणाऱ्या रॅकमध्ये नक्की काय वेगळं आहे ते विचारा. जाड दांडा आणि लांब धातूचा बुश ही खरी सुधारणा. नुसतं चकचकीत बाहेरचं घर ही सुधारणा नाही. स्टिअरिंगचं गुणोत्तर जलद असेल तर व्हील कमी फिरवावं लागेल, पण मोठ्या टायरवर ते जड जाईल आणि पंपावर ताण येईल. रॅक बसवायचे बुश कडक घेतले तर प्ले कमी होतो, मात्र रस्त्याचा कंप हातात येतो.

बसवताना कुठे चुकतं

जुना टाय रॉड एंड काढण्याआधी त्याच्या बॉलच्या मध्यापासून आतल्या जॉइंटपर्यंतची लांबी मोजून लिहा, लॉक नटपाशी मार्करने रेघ मारा. टेपर (एंडचा नकलमधला निमुळता जोड) सोडवायला पुलर वापरा. ठोकून घालायचा दोन टोकांचा चिमटा (पिकल फोर्क) वापरला की बूट फाटतो, त्यामुळे तो फक्त फेकायच्या जॉइंटसाठी. टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा, तिथे ग्रीस लावायचं नाही. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे फिरवून कधीच जुळवू नका. रॅक एंड आवळताना दांडा पाइप पान्याने चकाकत्या भागावर धरला की सील गेलंच समजा. दात्यांच्या बाजूच्या सपाट जागेवर पाना लावा. बाहेरच्या एंडमध्ये रॉडचे आटे व्यासाच्या किमान दीडपट आत गेले पाहिजेत: 16 मिमीला 24 मिमी.

रॅक काढताना कॉलमच्या जोडावर खूण करा आणि व्हील सीटबेल्टने बांधून ठेवा. जोड सुटल्यावर व्हील मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली तार) तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. नवा रॅक टोकापासून टोकापर्यंत फिरवून मधोमध आणूनच जोडा.

तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच भरा. चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टिअरिंग दोन्ही टोकांना 10 ते 15 वेळा सावकाश फिरवा, टाकी भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा तेच. टोकाला 5 सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, पंप तापतो. तेल फेसाळलं किंवा पंप घूंऽऽ करत राहिला तर हवा अजून आत आहे.

अलाइनमेंट त्याच दिवशी करा. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणून घ्या, नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडीला वळण दिसतं. 100 किमीनंतर लॉक नट, टेपर नट आणि रॅकचे बोल्ट पुन्हा तपासा, मार्करची रेघ सरकली का बघा.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या फेरफारांना मनाई करतं. त्याच मापाचा टिकाऊ भाग आणि नकलला भोक पाडणं यात फरक आहे, आणि अपघातानंतर विमा सर्व्हेअर तोच फरक शोधतो. केलेले बदल विमा कंपनीला लेखी कळवा, बिलं जपा.

ट्रेलला निघताना एक जुळवून ठेवलेला पूर्ण टाय रॉड सोबत घ्या: रॅक एंड, टाय रॉड एंड, लॉक नट, योग्य लांबीवर बसवलेला. डावा आणि उजवा बाहेरचा एंड वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंचे ठेवा. त्यासोबत स्प्लिट पिनांची पुडी, पुलर, दोन मोठे पाने, बुटाच्या दोन क्लिपा आणि मोजायची टेप. टेपने दोन्ही टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजून काही मिलिमीटरच्या फरकात टो आणला, की घाट उतरून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नीट येते.