बॉस एचएम-2डब्ल्यू: चारही नॉब शेवटपर्यंत फिरवण्याआधी

स्वीडिश डेथ मेटलचा तो करवतीसारखा आवाज गिटारवर हवा असेल तर हे डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारी पायाखालची डबी, घ्या. थ्रॅश, मेटलकोअर, थोडं हार्ड रॉक असं सगळं एकाच पेडलवर भागवायचं असेल तर घेऊ नका. एचएम-2डब्ल्यू एकच काम करतं, आणि ते दुसऱ्या कुणाला इतकं जमत नाही.

मूळ एचएम-2 बॉसने 1983 मध्ये काढलं. मोठ्या अँपचा भारदस्त आवाज छोट्या डबीत मिळावा हा हेतू. 1991 मध्ये ते बंद झालं, पण त्याआधी स्टॉकहोममधल्या पोरांनी त्याचं नशीब बदललं होतं. निहिलिस्ट बँडच्या लेफे कझनरने सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवले. पुढे निहिलिस्ट फुटून एन्टूम्ड उभा राहिला, त्यांनी टोमास स्कोग्सबर्गच्या सनलाइट स्टुडिओत ‘लेफ्ट हँड पाथ’ ध्वनिमुद्रित केला, आणि 1990 मध्ये तो बाजारात आल्यावर हा आवाज एका अख्ख्या शैलीची ओळख झाला. पुढच्याच वर्षी डिस्मेंबरचा पहिला अल्बम आला, तोही याच स्टुडिओतला. हेवी मेटलच्या इतिहासात एखाद्या पेडलने एवढं काम क्वचितच केलं असेल. मूळ पेडल बंद पडल्यावर सुमारे तीन दशकांनी बॉसच्या वाझा क्राफ्ट या खास मालिकेत ते एचएम-2डब्ल्यू म्हणून परत आलं, जपानमध्ये बनवलेलं आणि आतून पूर्ण अॅनालॉग.

नॉब चार: लेव्हल, कलर मिक्स एल, कलर मिक्स एच आणि डिस्ट (म्हणजे डिस्टॉर्शन). एल आणि एच एकाच जागी, एकावर एक बसवलेले आहेत. अंधाऱ्या स्टेजवर एक फिरवताना दुसरा हलतो, म्हणून जागा ठरली की पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा. या पेडलची खरी ताकद डिस्टमध्ये नाही, कलर मिक्समध्ये आहे. एल साधारण 90 हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलतो. एच मात्र ट्रेबल नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. तो 1000 हर्ट्झ आणि त्याच्या थोडं वरचा पट्टा उचलतो, म्हणजे चक्क मिड, मधल्या सुरांचा पट्टा. करवतीचे दात तिथेच आहेत. अँपवरचा मिड शून्यावर नेण्याची सवय असलेला गिटारिस्ट हे पेडल लावून ‘आवाज पातळ येतो’ म्हणतो, कारण पेडलने दिलेलं तो अँपवर काढून टाकत असतो.

मुंबईतल्या जॅमरूममध्ये बहुधा ट्रान्झिस्टरवरचा कॉम्बो अँप मिळतो, त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. त्या आवाजाचा जन्म अशाच साध्या सरावाच्या अँपवर झाला. क्लीन चॅनल घ्या. बास 4, मिड 6, ट्रेबल 3, अँपचा गेन (सिग्नल किती फुगवायचा ते) कमी. पेडलवर एल, एच, डिस्ट पूर्ण. लेव्हल मात्र आधी घड्याळातल्या बारा वाजताच्या जागी, म्हणजे मधोमध. लेव्हल पूर्ण केली की ट्रान्झिस्टरचा इनपुट स्वतःच फाटतो आणि त्या फाटण्यात गोडवा नसतो. व्हॉल्व्ह अँप मिळाला तर लेव्हल वर न्या, तिथे तेच फाटणं कामाला येतं. अँपवर हाय आणि लो असे दोन इनपुट असतील तर लो वापरा. ड्रमसोबत वाजवताना डिस्ट तीन वाजताच्या जागी आणली तर रिफ (गाण्यात परत परत येणारी गिटारची ओळ) जास्त स्वच्छ कळते. एकट्याने वाजवताना हा फरक ऐकू येत नाही, बँडमध्ये लगेच येतो.

मधला छोटा खटका स्टँडर्ड आणि कस्टम असे दोन मोड देतो. स्टँडर्ड म्हणजे जुना आवाज. कस्टममध्ये गेन वाढतो, आवाज जाड होतो. या शैलीसाठी स्टँडर्डच ठेवा. कस्टम ऐकायला मोठा वाटतो, पण त्यात दात थोडे बोथट होतात.

हिस मात्र भरपूर आहे. तार थांबली की पावसाच्या सरीसारखा सूं आवाज सुरू होतो, त्यामुळे नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की गोंगाट बंद करणारं पेडल, लागणारच. त्यातलं बॉस एनएस-2 असेल तर जोडणी अशी: गिटार एनएस-2 च्या इनपुटला, त्याचा सेंड एचएम-2 च्या इनपुटला, एचएम-2 चा आउटपुट रिटर्नला, आणि एनएस-2 चा आउटपुट अँपला. दोन लांब केबल, दोन पॅच केबल. गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून उघडतो आणि पेडलचा गोंगाट दाबतो. नुसता पेडलनंतर रांगेत लावला तर थ्रेशोल्ड (गेट उघडण्याची पातळी) इतका वर न्यावा लागतो की लांबवलेले सूर मध्येच तुटतात.

ट्यूनिंगचा विचार न करता हे पेडल घेऊ नये. साध्या ई ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालची तार 82 हर्ट्झला वाजते, म्हणजे एल जिथे उचलतो जवळपास तिथेच. पाम म्यूट केला, म्हणजे तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं, की ढोल वाजल्यासारखा फुगारा येतो. सगळ्या तारा खाली उतरवलेल्या बी ट्यूनिंगमध्ये तीच तार 62 हर्ट्झवर जाते, फुगारा सुटतो आणि गुरगुर उरते. साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर त्यासाठी 12 ते 60 (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी) चा तारांचा संच लावा. 10 ते 46 च्या तारा बी वर नेल्या तर त्या नुसत्या लोंबतात. जाड तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते, खाच घासून घ्यावी लागते आणि इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, पुन्हा लावावं लागतं. हे काम कारागिराकडून करून घ्या.

बँडमध्ये दोन गिटार असतील तर दोघांनीही सगळं पूर्ण ठेवू नये. दोघांचा 1000 हर्ट्झचा पट्टा एकमेकांवर चढतो आणि बास गिटार गायब होते. एकाने एच दोन वाजताच्या जागी आणावा किंवा वेगळं डिस्टॉर्शन वापरावं.

घरी, सोसायटीच्या पातळ भिंतींमध्ये, हेडफोनवर वाजवणाऱ्यांसाठी एक इशारा. पेडल थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये घातलं तर गांधीलमाश्यांचं पोळं ऐकू येतं. वरची कर्कश टोकं छाटायचं काम स्पीकर करतो, म्हणून 4×12 कॅबचा (बारा इंची चार स्पीकरच्या पेटीचा) इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या स्पीकरची डिजिटल नक्कल, लावलाच पाहिजे. ध्वनिमुद्रणात तीच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा, आणि मिक्समध्ये 80 हर्ट्झच्या खालचं कापा.

वीज 9 व्होल्ट, मधला भाग निगेटिव्ह असलेला अडॅप्टर. बॅटरीही चालते, पण इनपुटला केबल राहिली की ती संपत राहते. काही जॅमरूममध्ये अर्थिंग धड नसतं. मग 50 हर्ट्झची गुणगुण एवढ्या गेनमधून जाऊन गर्जना होते, आणि गेट लावूनही वाजवताना ती जात नाही. आधी दुसरं सॉकेट वापरून बघा, पेडलला दोष नंतर द्या. पावसाळ्यात जॅकवर आणि नॉबच्या आत हवेतल्या दमटपणाचा थर बसतो, नॉब फिरवताना खरखर येते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि खरखर आलीच तर काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा.

स्वस्तात बेरिंजरचं एचएम300 मिळतं. तेही याच कुळातलं आहे, आवाज चकित करण्याइतका जवळ जातो, पण शरीर प्लास्टिकचं. घरच्या रेकॉर्डिंगला पुरतं. लोकलच्या गर्दीत रोज पिशवीतून नेणाऱ्याने धातूचंच घ्यावं. जुनं मूळ पेडल विकत घेताना अडॅप्टरची चौकशी करा: त्याला एसीए जातीचा लागतो, आजच्या 9 व्होल्टच्या अडॅप्टरवर त्याचा दिवा मंद लागतो आणि पेडल बिघडलेलं वाटतं. रंगभवनच्या शेजारी, धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात ऐकून घ्यायचं असेल तर स्वतःची, खाली ट्यून केलेली गिटार सोबत न्या, क्लीन अँप मागा आणि एच नॉब शून्यापासून हळूहळू वर न्या. साधारण तीन चतुर्थांशावर दात दिसायला लागतात. तो आवाज आवडला नाही, तर बाकीच्या तीन नॉबनी काही बदलणार नाही.