टिकल्या लावल्या तेव्हा कळलं दुखतंय कुठे (५ पैकी ४ स्टार)

ह्यांच्याच पेजवर लिहितोय म्हणून नाव परत टाकत नाही. आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, गाड्यांच्या प्लास्टिक आणि रबर पार्टची असेंब्ली आणि पॅकिंग, दोन शिफ्ट मिळून साठेक माणसं, पॅकिंगला जास्त करून बायकाच. मी फर्स्ट शिफ्टला सुपरवायझर आहे. कुणी ह्यांची अर्गोनॉमिक्सची सर्व्हिस (म्हणजे कामाची जागा आणि पद्धत शरीराला सोयीची करून द्यायची) घ्यायचा विचार करत असेल तर जरा सविस्तर वाचा, थोडं लांबलंय.

आधी खरं सांगतो, ह्यांना बोलवायला माझाच विरोध होता. दोन वर्षांपूर्वी दुसरी एक पार्टी ह्याच कामासाठी येऊन गेलेली. दोन दिवस फोटो काढले, लेसरने टेबलं मोजली आणि साठ पानांचा कलर रिपोर्ट हातात दिला, त्यात प्रत्येकाच्या फोटोवर लाल रेघा आणि रुला स्कोअर (काम करताना अंग किती अवघडतं त्याचे मार्क) ७, ७ म्हणजे ताबडतोब बदला. बरं, बदललं. त्यांच्या सांगण्यावरून सगळ्या पॅकिंग टेबलांच्या पायांना पाईप वेल्ड करून चार इंच उचलली, ९५ सेंटीमीटर, म्हणजे कुणाला वाकायला नको. महिन्याभरात निम्म्या बायकांचे खांदे भरून यायला लागले आणि मी शहाणा त्यांनाच सांगत होतो की होईल सवय. एकाही बाईला ना त्या पार्टीने विचारलं ना मी.

ह्यावेळी दोघं आले, एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आणि एक इंजिनिअर मुलगा. पहिला अर्धा तास पीपीटी लावली आणि तो अर्धा तास सरळ वाया गेला, निम्मं इंग्रजी, मागची पोरं जांभया देत होती. मग मॅडमनी लॅपटॉप बंद केला आणि भिंतीवर माणसाच्या आकृतीचा फ्लेक्स लावला, एक पुढून एक मागून, आणि म्हणाल्या ज्याला जिथं दुखतं तिथं खूण करा. स्टिकर आणायचे राहिले होते म्हणे. पॅकिंगच्या एका ताईने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि तिथून खरी सुरुवात झाली.

पुरुष मंडळी मात्र हलेनात. शेवटी मॅडम मला हळूच म्हणाल्या, सर तुम्ही जरा चहा घेऊन या. मला राग आला खरं तर, पण गेलो. वीस मिनिटांनी आलो तर फ्लेक्सवर कमरेला टिकल्यांचा नुसता चिखल. खांदे भरलेले, ते माहीत होतं. पण टाचा! दोन्ही टाचांवर मिळून पंधरा-सोळा टिकल्या. अकरा वर्षं ह्या लाईनवर आहे मी, टाचा दुखतात म्हणून एकही माणूस माझ्याकडे आलेला नाही. विचारलं तर एक मावशी म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं दादा, आठ तास फरशीवर उभं राहिलं की दुखणारच की."

मग त्या इंजिनिअरने टेबलाजवळ नेऊन विचारलं की उंची जास्त होतेय का. त्याच मावशी म्हणाल्या, "टेबल नाही हो, खोका उंच आहे." माझी ट्यूब तिथं पेटली. आधीच्या पार्टीने टेबलं मोजली ती जेवणाच्या सुट्टीत, रिकामी. आमचा खोका वीस सेंटीमीटर उंच, पार्ट वरून टाकायचा, म्हणजे हात चालतो ११५ वर. मावशींची उंची चार फूट दहा, त्यांचं कोपर मोजलं तर ९२ भरलं. म्हणजे बाई दिवसभर खांदे उचलून काम करतायत आणि रिपोर्टमधे टेबलाची ही उंची हिरवी, म्हणजे ठीक. असल्या हलक्या कामाला हात कोपराच्या थोडं खालीच चालला पाहिजे, हे त्याने नंतर सांगितलं, पण मावशींना ते आधीच कळत होतं, फक्त आकडा माहीत नव्हता.

दुसरी गोष्ट क्रेटची. आमचं क्रेट १४ किलोचं, मला वाटायचं १४ किलो म्हणजे काय, घरी गॅस सिलेंडर उचलतोच की आपण. इंजिनिअरने टेप काढली. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र आहे, त्यात सगळं अगदी सोयीचं असेल तर २३ किलोपर्यंत ठीक, म्हणजे वजन अंगाजवळ, २५ सेंटीमीटरवर, आणि जमिनीपासून उंची ७५ ला. तेच वजन ५० सेंटीमीटर लांब धरलं की मर्यादा थेट निम्मी, साडेअकरा. आमची पोरं पॅलेटच्या (माल रचायच्या बुटक्या फळीच्या) पलीकडच्या कोपऱ्यातलं क्रेट ओणवं होऊन ओढतात, ते बरोब्बर ५० वर आणि शिवाय खालून, जमिनीपासून पंधरा सेंटीमीटरवर. हिशोब केला तर साडेनऊ किलोसुद्धा बसत नाही, आणि अजून वळणं धरलं नाही, दिवसात किती वेळा उचलतो ते धरलं नाही. जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या (२०२५ पर्यंत लागू होता) कलम ३४ मधे साधं म्हटलेलं होतं की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नका, ते सेफ्टीच्या बोर्डावर लिहिलेलं पण आहे आमच्याकडे. आणि इथं दर दोन महिन्याला कुणाची तरी उसण भरतेय आणि आम्ही बाम आणून देतोय.

ह्यावर उपाय पोरांनीच काढले, हे मला जास्त आवडलं. मॅडम आणि इंजिनिअर फक्त विचारत होते, मग काय करता येईल, अजून काय. एकजण म्हणाला पॅलेट भिंतीला लावूच नका, दोन्ही बाजूंनी जाता आलं की लांबचं क्रेट राहतच नाही. पैसे शून्य. दुसरा म्हणाला खाली दोन रिकामी पॅलेट ठेवा, मग खालच्या थरालाही वाकायला नको. बुटक्या बायकांसाठी एका ताईने घरून पाट आणला, खरोखरचा जेवायचा पाट, त्यावर उभं राहून बघितलं. आठवडाभर असंच पुठ्ठे, पाट, विटा लावून चाललं, शेठ एकदा राउंडला आले तर म्हणाले हे काय भातुकली मांडलीय. मग जे पटलं तेवढंच फॅब्रिकेटरकडून करून घेतलं. खोक्यासाठी टेबलात खाच पाडली, खोका आत बसतो, वर फक्त तोंड. उभं राहायच्या जागी रबर मॅट टाकल्या. मॅटचा तुकडा नमुन्याला दोन दिवस बायकांना वापरायला दिला होता आणि त्यांनी जाड वाली नापास केली, पाय रुततात म्हणून. मी असतो तर जाड वालीच घेतली असती, महाग म्हणजे चांगली असं धरून.

आता एक स्टार का कापला. सेकंड शिफ्टला कुणी विचारलंच नाही. दोघं दहा ते पाच यायचे, आमची सेकंड शिफ्ट साडेतीनला लागते, तोवर ह्यांची आवराआवर. झालं काय, पाट आणि मॅट दुपारी चारला उचलून कोपऱ्यात, कारण "हे फर्स्टवाल्यांचं आहे, झाडायला अडचण होते". खाचेत तर रोज चहाचे कप. मी दोनदा ओरडलो, काही उपयोग नाही, आणि मला ओरडताना जाणवत होतं की दोन वर्षांपूर्वी मी अस्साच ओरडत होतो. फॉलोअपची व्हिजिट पण तीन आठवड्यांनी ठरली होती, आले दीड महिन्याने, तेही मीच चार फोन केल्यावर. आणि कॉन्ट्रॅक्टची लोडिंगची पोरं लिस्टमधेच नव्हती, आता ह्यात चूक ह्यांची की आमच्या एचआरची ते बाजूला, पण सगळ्यात जड काम तीच करतात.

फरक पडला का? खांद्याची तक्रार गेली, हे छातीठोक सांगतो. उसण भरून सुट्टी फेब्रुवारीपासून एकच, पण ऑर्डरही जरा मंद आहेत म्हणून त्याचं सगळं श्रेय ह्यांना देत नाही. दुसरा एक फरक म्हणजे आता लोक येऊन सांगतात, कधीकधी वैताग येईल इतकं. परवा एकजण टेप गनची मूठ बदला म्हणून आला, मनगटाला मुंग्या येतात म्हणे, बदलली.

पैसे आधीच्या पार्टीपेक्षा निम्म्याहून कमी लागले. घेणार असाल तर ठरवतानाच लिहून घ्या की प्रत्येक शिफ्टला यायचं, आणि पीपीटी नको म्हणून सांगा. आम्ही त्यांना शनिवारी परत बोलावलंय, संध्याकाळी पाचला, सेकंड शिफ्टसाठी आणि लोडिंगच्या पोरांसाठी. टिकल्या मीच आणायच्यात, ताईंनी बजावलंय की मोठ्या मरून आणा, त्या छोट्या काळ्या लांबून दिसत नाहीत.