सिम्युलेशनमध्ये जॉब बसवायचा कसा: आकड्यांनी, फेस जुळवून की कोऑर्डिनेटने?

जळगावच्या एमआयडीसीत ठिबकचे मोल्ड करणारा असो की धुळ्याला अवधानमध्ये सुटे पार्ट काढणारा, मशीनिंगचं सिम्युलेशन (खरं कापायच्या आधी संगणकावर करून बघणं) घेतलं की पहिली अडचण हीच: टेबलावर वाईस (जबड्यांची पकड), वाईसमध्ये जॉब (कापायचा पार्ट), हे स्क्रीनवर बसवायचं कसं?

X, Y, Z चे आकडे टाकून सरकवणं एका जॉबपुरतं ठीक. वाईस बदलली की सगळे आकडे पुन्हा. शिवाय आधी X भोवती 90 अंश आणि मग Z भोवती 90, हा क्रम उलटला तर जॉब भलतीकडेच तोंड करतो.

फेस (पार्टचे पृष्ठभाग) जुळवणं नव्या पोराला लगेच कळतं. तळ खाली, बाजू पक्क्या जबड्याला, टोक स्टॉपरला. वाईसमध्ये बांधताना हातही हेच करतो. पण एसटीएल फाइलमध्ये (पार्टच्या आकाराची फाइल) नुसते त्रिकोण असतात, बोअरचा (गोल भोकाचा) अक्ष पकडायचा कुठून? आणि डिझाइनवाल्याने चॅम्फर (तिरकी कापलेली कड) बदलला, तो फेस गेला, की जोड तुटते.

कोऑर्डिनेट सिस्टिममध्ये एक मूळबिंदू आणि तीन अक्ष. जॉबवरची सिस्टिम फिक्स्चरवरच्या (जॉब धरून ठेवणारी वाईस किंवा तसा साचा) सिस्टिमवर ठेवली की सहाही हालचाली, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या, एकदम बंद. फिक्स्चर बदला, नव्यावर त्याच जागी तीच सिस्टिम असली तर जॉब आपोआप बसतो. रोटरी टेबलाला जोडलेली सिस्टिम टेबलाबरोबरच फिरते, म्हणून फोर्थ ॲक्सिसला (फिरणारा चौथा अक्ष) मी दुसरं काही वापरतच नाही. मेहनत सुरुवातीला: प्रत्येक पार्टवर ती कॅडमध्येच (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) करायची, नाव द्यायचं, एसटीएल तिच्याच संदर्भाने काढायची. (एसटीएलला एकक नसतं, इंचाची फाइल मिलिमीटर समजून उघडली तर जॉब 25.4 पट लहान दिसतो. हे लगेच लक्षात तरी येतं.)

लक्षात येत नाही ती चूक वेगळी. मी एकदा मूळबिंदू कच्च्या ब्लॉकच्या वरच्या मध्यावर ठेवला, सेटरने (मशीनवर जॉब लावणारा) G54 (मशीनवरचा जॉबचा झिरो) घेतला पक्क्या जबड्याच्या कोपऱ्यावर. स्क्रीनवर एकही टक्कर नाही. मशीनवर पहिलाच कटर जबड्यात. पद्धतीचा दोष नव्हता, आमचं बोलणंच झालं नव्हतं.

महिन्याला चार-दोन जॉब, एकच व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मशीन), एकच वाईस असेल तर फेस जुळवा, पुरे. फिक्स्चर बदलत असतील, एचएमसी (आडव्या स्पिंडलचं मशीन) किंवा रोटरी असेल, तर कोऑर्डिनेटच. सेटर एज फाइंडर (कड शोधायचं साधन) जिथे लावतो तिथेच मूळबिंदू ठेवा आणि सेटअप शीटवर आहे तेच नाव द्या. आमचा सेटर आता प्रोग्राम बघायच्या आधी विचारतो, "भाऊ, झिरो कोठे शे?"