मिसफायर शोधायचा: स्कॅनरने की हाताने?

जुनी फोर-बाय-फोर पेट्रोल गाडी आयडलला थडथडते, चढावर दम तोडते. बहुधा हा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. गाडीला ओबीडी-२ सॉकेट (गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडायची जागा) असेल तर स्कॅनर मिनिटभरात कोड देतो: पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठिकाणी टिकत नाही. पण तो सिलिंडर दाखवतो, बिघडलेला भाग नाही. शिवाय बहुतेक गाड्यांत संगणक क्रँकशाफ्टच्या वेगातल्या चढउतारावरून मिसफायर ओळखतो. खडबडीत वाटेवर चाकांचे हिसके तिथवर पोचतात आणि तो फसूही शकतो.

डिस्ट्रिब्युटरवाल्या (एकाच फिरत्या भागातून सगळ्या प्लगना ठिणगी वाटणाऱ्या) गाडीत बहुधा हातच चालवावा लागतो. इंजिन चालू ठेवून इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लग-वायर काढा. जी काढूनही आरपीएम पडत नाही, त्या वायरीचा सिलिंडर मेलेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) असेल तर हे फार वेळ करू नका, न जळलेलं पेट्रोल त्याला तापवून खराब करतं. ओढा ओलांडल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर आधी डिस्ट्रिब्युटर कॅप उघडून ओल आणि तडे बघा. अंधारात वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळणारी ठिणगी डोळ्यांना दिसते, हे सुख स्कॅनर देत नाही!

सॉकेट असेल तर मी कोडपासूनच सुरुवात करेन. पुढे मात्र हातच: प्लग, वायर शेजारच्या सिलिंडरशी बदला. दोष सोबत गेला तर तो भाग टाका. नाही गेला तर इंजेक्टर बघा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन तेल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर संशय पिस्टनच्या रिंगांवर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.