चुना की स्लॅग? बंद खाणीच्या आंबट पाण्यासाठी निवड करताना

नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला चुन्याचे वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणात लोखंडी सळई बुडवायची आणि तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे, हे आम्ही लहानपणीच शिकतो. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील एका बंद कोळसा खाणीतून झिरपणाऱ्या आम्लधर्मी पाण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझा हात आधी चुन्याकडेच गेला; स्लॅगचा, म्हणजे पोलाद तयार करताना उरणाऱ्या धातुमळीचा, विचार नंतर आला. कोळशासोबतच्या पायराइटपासून, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजापासून, हवा-पाण्याशी संपर्क येऊन हे आम्ल तयार होते, एवढे इथे पुरे.

चुन्याच्या बाजूने बोलायचे तर तो झटपट काम करतो, कोठेही मिळतो आणि मात्रा बदलली की सामू (पीएच) लगेच बदलतो. प्रक्रिया केलेले पाणी ओढ्यात सोडताना सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो, आणि ही मर्यादा पाळणे चुन्याने सोपे जाते. पाणी अचानक वाढले तर चुन्याइतका भरवशाचा उपाय निदान माझ्या पाहण्यात नाही.

माझे मन फिरले ते नळीमुळे. चुन्याचे दूध ढवळत ठेवले नाही तर तळाशी बसते आणि नळीत साचून दगडासारखे घट्ट होते. मग पहारेकरी हातोडीने नळी ठोकत बसतो, आणि ते जमले नाही की नाशिकहून रात्रभर प्रवास करून मला जावे लागते. आंबट पाणी सर्वांत जास्त येते ते पावसाळ्यात, त्याच दिवसांत खाणीकडचा रस्ता चिखलाने बंद होतो आणि गोदामातली पोती दमट हवेने गोठतात. एकदा रात्री पंप थांबला आणि सकाळपर्यंत खालच्या ओढ्यात तांबूस-पिवळा गाळ उतरला. चुन्याला रोज राबणारा माणूस लागतो, आणि बंद खाणीवर नेमका तोच नसतो.

स्लॅग हे दुखणे बऱ्याच अंशी टाळते. एलडी कन्व्हर्टरच्या, म्हणजे ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भट्टीच्या, स्लॅगमध्ये कॅल्शियमची सिलिकेटे आणि थोडा मोकळा चुना असतो. तिचा थर घालून त्यातून स्वच्छ पाणी जाऊ दिले की ते तीव्र अल्कधर्मी होऊन बाहेर पडते आणि खाली आंबट पाण्यात मिसळून आम्ल मारते. पंप नाही, वीज नाही, पहारेकऱ्याची हातोडी नाही. मात्र आंबट पाणी थेट थरातून सोडू नये. लोहाचा गाळ कणांवर चढून थर बंद पडतो, जसा तो चुनखडीच्या गोट्यांवरही चढतो. चुनखडी सामू साधारण ७ च्या आसपास नेऊन थांबते, तर स्लॅगच्या थरातले पाणी १० च्या वर जाते, आणि मँगेनीज खाली बसवायचे असेल तर हाच फरक कामाला येतो. याची दुसरी बाजू अशी की पुढे मिसळण्यासाठी आणि गाळ बसण्यासाठी तळे बांधावेच लागते, नाहीतर ९ ची मर्यादा उलट्या बाजूने ओलांडली जाते.

स्लॅग म्हणजे कोणतीही स्लॅग नव्हे, हे मला उशिरा कळले. पहिला प्रयोग मी नाशिकच्याच एका फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीच्या स्लॅगवर केला आणि पिंपातल्या पाण्याचा सामू जवळजवळ जागचा हलला नाही. त्या भट्टीचे अस्तर सिलिकाचे असते, त्यामुळे तिथला मळ काचेसारखा निघतो आणि त्यात चुना नगण्य असतो. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांच्या मालाबद्दलही मी तेच गृहीत धरेन. चंद्रपूरच्या बाजूने पाहिले तर भिलाईच्या पोलाद कारखान्याचा विचार करणे सोयीचे, पण ट्रकचे भाडे मालापेक्षा जड होऊ शकते. रस्ते बांधणाऱ्यांना महिनोन् महिने उघड्यावर मुरलेली, फुगायची थांबलेली स्लॅग हवी असते. आपल्याला ताजी हवी, कारण मुरताना जो मोकळा चुना संपतो तोच आपल्या कामाचा असतो. थराला हवा लागू देऊ नये, नाहीतर कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन छिद्रे बुजतात. स्टेनलेस पोलादाची स्लॅग मी घेत नाही, आणि एरवीही क्रोमियम व व्हॅनेडियम किती सुटते याची प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्याशिवाय माल उतरवू देत नाही.

जागेवर स्वच्छ पाण्याचा स्रोत नसेल, किंवा तळ्यासाठी जमीन नसेल, तर चुना घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही असतील तर मी पुन्हा स्लॅगच निवडेन, निदान पावसाळ्यातल्या त्या रात्रींसाठी तरी. ट्रक ठरवण्यापूर्वी मूठभर नमुना स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकून घट्ट झाकण लावावे, दुसऱ्या दिवशी सामू पाहावा, आणि तो १० च्या वर गेला नसेल तर पुरवठादाराला नम्रपणे नकार द्यावा.