कोथरूडहून आणलेले सावरडोचे विरजण

कोथरूडमधील एका घरगुती बेकरीतून सावरडोच्या, म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाच्या पावाच्या, विरजणाची ही बरणी फेब्रुवारीत आणली. विरजण उत्तम आहे. गिरणीतून दळून आणलेली कणीक आणि पाणी समान वजनाने घातल्यावर ते चार-पाच तासांत दुप्पट फुगते आणि ताकासारखा स्वच्छ आंबूस वास देते. सोबतच्या सूचनापत्रकाने मात्र निराशा केली. त्यातील खाद्य घालण्याचे १:१:१ (विरजण, कणीक, पाणी) हे प्रमाण थंडीत ठीक असले, तरी पुण्याच्या एप्रिलमध्ये यीस्ट व जिवाणू इतके झपाट्याने वाढतात, की रात्री खाद्य घातलेले विरजण पहाटे खाली बसलेले आढळले आणि त्याला नेलपॉलिशसारखा दर्प येत होता. (उन्हाळ्यातले इडलीचे पीठ तेव्हाच आठवायला हवे होते.) प्रमाण १:५:५ केल्यावर चार दिवसांत ते पूर्ववत झाले. आता बरणी फ्रिजमध्ये असते आणि आठवड्यातून एकदा खाद्य पुरते.